अर्ध्या शिंगांखालचा क्रॉसबो

मित्रांनो, माझी ओळख करून देताना माणसांची नेहमीच पंचाईत होते. बंदूकवाले मला धनुष्य म्हणून हिणवतात आणि धनुष्यवाले मला बंदूक म्हणून नाक मुरडतात. दोघांनीही मला कधी आपल्या पंगतीला घेतले नाही. बंदुकीसारखा लाकडी दस्ता, तिच्यासारखाच चाप आणि पुढच्या टोकाला आडवे बसवलेले धनुष्य, असा माझा अवतार. मी क्रॉसबो आहे. आता जुना झालो, दस्त्यावर चरे पडले, खटका थोडा कुरकुरतो. पण दूर उत्तरेच्या थंड अबितिबीच्या जंगलात मी मूस पाडले आहेत आणि हे सांगताना मी मान खाली घालणार नाही.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड घेतले, ते घासून घासून गालासारखे गुळगुळीत केले. कमानीची पाती काचतंतूंची, तापवून दाबलेली. मग दोरी चढवली आणि मला पहिल्यांदा कळले की अंगात बळ असणे म्हणजे काय. त्याच दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक भाऊ मोडला. कामगाराने घाईघाईत बाण न लावताच त्याचा चाप ओढला होता. बाण असता तर ताण बाणाबरोबर निघून गेला असता. जायला जागा नाही म्हणून तो उलटा त्याच्याच हाडांत शिरला आणि दोन्ही पाती फुटली. ते मी डोळ्यांनी पाहिले आणि कायमचे लक्षात ठेवले.

मला विकत घेतले आदेलारने. हा लाकडाच्या गिरणीत काम करणारा माणूस, खांद्याने रुंद आणि बोलायला मोजका. तरुणपणी तो उभ्या धनुष्याने शिकार करायचा. पण गिरणीत एक ओंडका घरंगळत त्याच्या उजव्या खांद्यावर आला आणि डॉक्टरने सांगितले, आता धनुष्य ओढायचे विसरा. माझी दोरी मात्र पायाने दाबून, दोन्ही हातांनी सरळ वर ओढून चढवता येते आणि एकदा चढली की खटक्यावर बसून राहते. खांद्याला त्रास नाही. मला घरी आणले तेव्हा त्याचा मेहुणा रोझेर स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता.

"हे काय आणलंस? जत्रेतलं खेळणं?" रोझेर म्हणाला. "मूस बघून हसून हसून मरेल बिचारा."

"मरेल ना? मग झालं तर," आदेलार म्हणाला.

आदेलारची बायको सोलांज ही रोझेरची सख्खी बहीण. ती चुलीपाशीच म्हणाली, "ते खेळणं माझ्या जेवणाच्या टेबलावरून उचला आधी."

माझ्या आयुष्यातले हे पहिले स्वागत. पण पुढच्या सप्टेंबरात मी सगळ्यांची तोंडे बंद केली.

मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, मित्रांनो. नराच्या डोक्यावर परातीसारखी पसरट शिंगे असतात. बंदूक लांबून त्याचा जीव घेते. माझे तसे नाही. वीस-पंचवीस पावलांवर, त्याच्या नाकातली वाफ दिसेल इतक्या जवळ, मला काम करावे लागते. त्यासाठी त्याला बोलवावे लागते. भूर्जाच्या सालीचा कर्णा करून, मादी हंबरते तसा लांब, रडवेला सूर काढायचा. हा सूर रोझेरसारखा आख्ख्या पंचक्रोशीत कोणाला काढता येत नव्हता. त्याच्या हाकेला ओ देत नर दलदल तुडवत येत. शिवाय आमच्याकडे एका मूसवर दोन शिकाऱ्यांचे परवान्याचे बिल्ले लागतात, म्हणून एकट्याची शिकार नाहीच. रोझेर बोलवायचा, आदेलार मला खांद्याला लावून थांबायचा.

आदेलारच्या शिस्तीचा मला अभिमान आहे. जनावर पूर्ण दिसेपर्यंत त्याचे बोट चापाच्या बाहेर असे. छाती दिसली, पुढचा पाय पुढे गेला, की मगच. आणि बाण सुटला की तो जागचा हलत नसे. थर्मास उघडायचा आणि त्यातली सगळी कॉफी संपेपर्यंत बसून राहायचा.

"चल ना रे, पडला असेल," रोझेर चुळबुळत म्हणायचा.

"त्याला शांतपणे पडू दे. आपल्याला त्याच्या मागे धावायचं नाहीये, त्याला घरी न्यायचंय."

कॉफी संपली की दोघे पानांवरचे लाल थेंब शोधत जायचे, आणि मूस तिथे असायचा. पहिले मांस शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचे, मग सोलांजच्या बरण्यांत. शिंगे गाडीच्या पुढच्या भागावर बांधून गावातून हळूहळू फेरी निघायची. लोक दारात येऊन बघायचे. मी मागच्या सीटवर असायचो, पण खरे सांगायचे तर ती फेरी मला माझीच वाटायची.

मग आला तो मोठा मूस, ज्याने घर मोडले. रोझेरने त्याला आदल्या संध्याकाळपासून बोलावले होते. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. सकाळी तो आला आणि आदेलारने एका बाणात काम केले. गावातल्या चर्चच्या सभागृहात शिकाऱ्यांचे जेवण होते, तिथे सर्वांत मोठ्या शिंगांना बक्षीस मिळाले. माईकवर नाव पुकारले गेले, एकट्या आदेलारचे. आदेलार उठला, बक्षीस घेतले आणि खाली बसला. रोझेरकडे बघायचेही त्याला सुचले नाही.

"मी बोलावल्याशिवाय आला असता का तो?" रोझेरने भर जेवणात विचारले.

"मी मारल्याशिवाय पडला असता का?"

"आणि मांस कापून बांधलं कोणी? माझं नाव कुठेय?" सोलांज म्हणाली. पण तिचे ऐकतो कोण.

रोझेर बाहेर गेला, गाडीतून करवत आणली आणि दिव्याखाली, सगळ्या गावासमोर, ती शिंगे कवटीच्या मधोमध कापली. एक अर्धे आदेलारच्या पायांपाशी टाकले, दुसरे घेऊन निघून गेला. दोघे मिळून शिकार करायचे ते तळेही त्यांनी न बोलता वाटून घेतले. उत्तरेचा काठ रोझेरचा, दक्षिणेचा आदेलारचा. एकमेकांशी बोलणे बंद झाले. नाताळला सोलांज भावाला दुपारी जेवायला वाढायची आणि नवऱ्याला रात्री. "मी काय खानावळ काढलीय?" असे म्हणत ती त्याच मांस भरलेल्या भाकऱ्या दोनदा गरम करायची.

माझे दिवस फिरले ते तेव्हा. बोलावणारा नाही तर मारणारा काय करणार? आदेलारने एक-दोन मोसम दुसऱ्याबरोबर काढले, मग मला शेडमध्ये खिळ्याला टांगले. माझ्या दोरीचे मेण वाळले. उंदरांनी पट्टा कुरतडला. शेजारी बर्फ उपसायचे फावडे होते, ते दर हिवाळ्यात कामाला जायचे आणि परत येऊन माझ्याकडे बघायचे. मित्रांनो, बिनकामाने लटकत राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. निदान मला तरी ठाऊक नाही.

मला खाली काढले ते आदेलारच्या मुलीने, फाबियेनने. ही शाळेची बस चालवते. रोज सकाळी चाळीस पोरांना गप्प बसवणारी बाई मला घाबरेल असे वाटले नव्हते आणि घाबरलीही नाही. तिने माझी दोरी बदलून आणली, बाण सरकतो त्या रुळावर तेल फिरवले, खटका तपासला. तेव्हा आदेलार दारात उभा राहून मान वाकडी करून बघत होता. मला वाटले, रागावला आहे. पण ते तसे नव्हते. त्याच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. समोर बघितले की मधे धुके आणि कडेला तेवढे जग. पुढच्या पानगळीपर्यंत कडाही जातील, असे डॉक्टरने सांगितले होते.

"बाबा, यंदा माझ्याबरोबर चला," फाबियेन म्हणाली. "बिल्ला तुमचा एक, माझा एक. मारायचं मी, बोलवायचं तुम्ही."

"मला कुठे बोलावता येतं?"

"मग शिका. नाहीतरी घरात बसून आईचं डोकं खाता."

आदेलारने हात लांब करून माझी कमान चाचपली. मग म्हणाला, "मांस नाही मिळालं तरी चालेल, पोरी. मला एक मूस बघायचाय. जवळून. लांबचा आता दिसत नाही."

त्यासाठीच आम्ही निघालो. तळ्याच्या तोंडाशी जिथे दोन्ही काठ भेटतात आणि दलदल पसरते, तिथे स्प्रूसच्या बुंध्याला टेकून फाबियेन बसली. माझी दोरी चढलेली, बाण रुळावर, चाप अडवणारा सुरक्षेचा खटका बंद. सकाळी धुके इतके दाट होते की तळे कुठे संपते ते कळत नव्हते. धनुष्यांच्या मोसमात, माणूस ओळखू यावा म्हणून असते तसल्या नारिंगी जाकिटाची सक्ती नाही, म्हणून दोघांच्याही अंगात पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे होते. आदेलारने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली.

काय सांगू, मित्रांनो! मादीचा सूर तो नव्हता. दार अडकलेल्या कपाटाचा होता. फाबियेनने हसू दाबले ते तिच्या दंडातून मला जाणवले.

आणि तरीही उत्तर आले.

दलदलीच्या पलीकडून नराचा खोल, तुटक हुंकार. आदेलार ताठ झाला. त्याने पुन्हा हाक मारली, पुन्हा हुंकार आला, या वेळी जवळून. मग शिंगे झाडाला घासल्याचा खरखराट. फांद्या मोडल्या. इतका रागावलेला नर कधी ऐकला नव्हता.

"येतोय," आदेलार पुटपुटला. "मोठा आहे. पोरी, मला दिसेल का गं?"

"दिसेल बाबा. बोलवत राहा."

आल्डरची झुडपे हलली. धुक्यात काहीतरी काळे, उंच. एक पसरट, फिकट हाड वर आले, झाडाच्या खोडावर घासले आणि खाली गेले. शिंगाची कडा असावी तशीच. फाबियेनने मला खांद्याला लावले. माझा सुरक्षेचा खटका उघडला. मी आयुष्यात इतका ताणलेला कधी नव्हतो. वर्षानुवर्षे खिळ्यावर काढलेली, आणि समोर वीस पावलांवर तो. मला सुटायचे होते, हे मी लपवत नाही.

पण तिचे बोट चापाच्या बाहेरच राहिले. वडिलांनी शिकवलेले तिने सोडले नाही. छाती दिसत नाही. पाय दिसत नाही. पूर्ण जनावर दिसत नाही. ती थांबली. त्या काळ्या आकाराने आणखी एक पाऊल टाकले आणि झुडपातून बाहेर आला एक हात. हातात शिंगांसारखे झाडावर घासायचे मूसच्या खांद्याचे जुने हाड, आणि दुसऱ्या हातात भूर्जाचा कर्णा.

फाबियेनने सुरक्षेचा खटका बंद केला आणि माझे तोंड जमिनीकडे वळवले. मग एकदम ओरडली, "मामा!"

रोझेर जागच्या जागी गोठला. हातातले हाड गळून पडले. "फाबियेन? तू... तू मादी?"

"मी नाही. बाबा."

रोझेरने बघितले, बुंध्यामागून आदेलार उठत होता. माझ्या बाणाचे टोक कुठे रोखलेले होते ते त्याला कळले असावे. तो मटकन शेवाळावर बसला. आदेलारही बसला. त्या दोघांमध्ये दोन हातांचे अंतर होते.

"मला वाटलं, इथे मादी आहे म्हणजे तिच्याबरोबर नर असणार," रोझेर बसक्या आवाजात म्हणाला. "म्हणून नराचा आवाज काढला. चिडून बाहेर येईल म्हणून."

"एवढा गर्विष्ठ मूस मी ऐकला नव्हता," आदेलार म्हणाला. "तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"आणि मला वाटलं, त्या मादीला पडसं झालंय. दया आली म्हणून आलो!"

"दया? तुला?"

"तुझा आवाज ऐकून दगडाला येईल."

फाबियेन मधे पडली. "भांडण नंतर करा. हिची चढलेली दोरी नुसती उतरवता येत नाही, बाण सोडावाच लागतो. पाय बाजूला घ्या." ती मला 'ही' म्हणते, त्याचे मी कधी मनावर घेतले नाही. तिने मला खाली रोखले आणि मी सुटलो. बाण शेवाळात पिसापर्यंत रुतला. दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध.

मग ते जे भांडले! इतक्या वर्षांचे साचलेले सगळे बाहेर आले. बक्षीस, करवत, माईकवरचे नाव, नाताळची जेवणे. आदेलार म्हणाला, "मी त्या रात्री तुझं नाव घ्यायला हवं होतं." रोझेर म्हणाला, "आत्ता घे." आदेलारने घेतले. मोठ्याने, पूर्ण आडनावासकट, त्या धुक्यात. रोझेरने नाक शिंकरले आणि बराच वेळ ते पुसत राहिला.

तेवढ्यात पाठीमागे पाणी खळबळले.

सकाळभर खोटी मादी आणि खोटा नर ऐकून खराखुरा नर चिडून आला होता. तळ्याच्या कडेने, पोटापर्यंत पाण्यात, शिंगांवरून शेवाळ ओघळत. फाबियेनचा पाय दोरी चढवायला माझ्या पुढच्या कडीकडे गेला. मी रिकामा होतो. बाण जमिनीत, दोरी उतरलेली. रोझेरने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला दाबले. हलू नको. मग त्याने कर्णा ओठांना लावला आणि अगदी हळू, पाण्याशी बोलावे तशी हाक मारली.

मित्रांनो, मी भरलेला असतो तर फाबियेनने तो तिथेच पाडला असता. पंचवीस पावलांवर. आदेलारला धुक्यातला एक काळा ठिपका दिसला असता आणि मग पडल्याचा आवाज. पण मी रिकामा होतो, म्हणून तो येत राहिला. वीस पावले. पंधरा. आणखी जवळ. आदेलारने मान उजवीकडे वळवली, जणू तो दुसरीकडेच बघतो आहे. त्याच्या नजरेच्या कडेतून त्याला बघायचे होते.

"डावीकडून येतोय," रोझेर कुजबुजला. "शिंगांचा मधला एक फाटा तुटलाय. गळ्याखालची झालर लांब आहे."

"गप्प बस," आदेलार पुटपुटला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होते. "दिसतोय मला. दिसतोय."

मूस उभा राहिला. त्याच्या नाकाची वाफ माझ्या दस्त्यावर बसली, इतका जवळ. मग त्याला माणसांचा वास आला, तो फुत्कारला, वळला आणि दलदल उधळत निघून गेला.

दलदलीतला आवाज विरून गेला. मग आदेलार म्हणाला, "केवढी होती रे शिंगं? मला काठ दिसले, मधलं नाही."

"एका भिंतीवर मावली नसती," रोझेर म्हणाला. "भिऊ नकोस, करवत गाडीतच आहे."

त्या मोसमात आम्ही हात हलवत परतलो नाही. आठवड्याअखेर रोझेरने बोलावलेला एक तरुण नर माझ्या पुढ्यात आला, छाती दाखवून उभा राहिला आणि फाबियेनने एका बाणात त्याला पाडले. मग तिघांनी बसून आख्खा थर्मास संपवला. रोझेरने या वेळी चुळबुळ केली नाही. बिल्ले दोन लागले, फाबियेनचा आणि रोझेरचा. पहिले मांस शेजारी गेले. गावच्या जेवणात माईकवर चार नावे पुकारली गेली, सोलांजचे सर्वांत आधी.

नाताळला रोझेर आपले अर्धे शिंग काखोटीला मारून आला. आदेलारचे अर्धे चुलीवर टांगलेले असल्याने धुराने पिवळे झाले होते. रोझेरचे थंडगार गॅरेजमध्ये राहून पांढरेफटक. शेजारी शेजारी लावली, पण ती काही नीट जुळेनात. कवटीच्या मधे बोटभर फट राहिलीच. सोलांज म्हणाली, "असू दे. लावा तशीच." आणि त्या फटीच्या खाली मला टांगले. त्या दिवशी घरात एकच पंगत बसली.

मित्रांनो, आता फाबियेन दर मोसमात माझ्या दोरीला मेण लावते, पावसात भिजलो तर दस्ता पुसते. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर तेवढे करा. बाण लावल्याशिवाय चाप कधी ओढू नका, नाहीतर तो ताण माझ्याच हाडांत शिरतो. आणि समोर काय आहे ते पूर्ण दिसेपर्यंत बोट बाहेर ठेवा.

आदेलारला आता काहीच दिसत नाही. संध्याकाळी तो खुर्ची ओढून भिंतीपाशी येतो, हाताने शिंगांची कडा चाचपतो, मग खाली मला. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, याने किती मूस पाडले? तो आकडा सांगत नाही. तो म्हणतो, "त्यांचं सोडा. मी पाहिलेला शेवटचा मूस याने मला दाखवला." आणि मी, अंगात एक बाणही नसताना, त्या खिळ्यावर ताठ होतो.